बाकी

मोटघरे सावजी अकराला येतात,
चपला बँकेच्या दाराबाहेर काढून.
इथं कुणी चपला काढत नाही, हे त्यांना
चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.

"आले का जी, मॅडम?"
नाही आले.
"काऊन नाई येऊन राह्यले? माल तं कवाच पोचला.
कोंबड्यायनं खाऊन अंडेबी देल्ले असन."

दोनशे टन ढेप.
कळमन्याचं सोयाबीन, तेल निघालं बुटीबोरीत,
आणि उरलेलं हे पिवळं, कोरडं, गोणीतलं
एका दूरच्या बंदरावर उतरून तीन महिने झाले.
पैसे निघालेत तिथून.
वाट बंद आहे.

बाहेर किंग्जवेवर ऊन असं की डांबर चपलेला धरतं.
आत कूलर, वाळ्याचा ओला वास,
आणि पडद्यावर एक ओळ, लाल.

मी समजावते: तिसरा एक देश आहे, सावजी.
त्यानं ढेप विकली नाही, घेतलीही नाही.
त्यानं एक यादी काढली.
तुमच्या गिऱ्हाइकाची बँक त्या यादीत आहे.
"त्यायचं भांडण कोनाशी?"
तिथल्या सरकारशी.
"मंग सरकारले नका देऊ ना ढेप.
हा तं बहमन हाय."

बहमनला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.
फोनवर बोलतात. कोणत्या भाषेत, मी विचारलं होतं एकदा.
"भाषा कायची? मी म्हनतो बाकी, तोबी म्हनतो बाकी.
झालं."
नातीच्या बारशाला त्यानं पिस्ते पाठवले होते.
सावजींनी इकडून संत्र्याची बर्फी पाठवली,
ती पोचली की नाही, अजून कळलेलं नाही.

साहेब म्हणाले, लेखी द्या त्यांना. मराठीत द्या.
मी लिहिलं:
आपला अर्ज व दस्तऐवज पाहिले.
रक्कम जमा करण्यास मनाई आहे.
इलाज नाही.

आणि पेन थांबलं.
माझे वडील भूमी अभिलेखात होते, मोडी वाचायचे,
जेवताना शब्दांची माहेरं सांगायचे.
अर्ज तिकडचा. दस्तऐवज तिकडचा.
रक्कम, जमा, मनाई, इलाज,
कुणी त्या देशातलं, कुणी त्याच्याही पलीकडून
त्या देशात मुक्काम करून आलेलं.
कोणत्या काफिल्याबरोबर, किती शतकांपूर्वी,
कुणाच्या परवानगीनं?
नियम नियमासारखा पाळला
आणि ते सगळे परत पाठवले तर पत्रात उरतं:
आपला. व. पाहिले.
करण्यास.
आहे.
नाही.

कागदही उरत नाही. खालची सहीही.
आणि ती लाल ओळ ज्या यादीतली,
तो शब्दसुद्धा तिकडचाच,
याद म्हणजे आठवण.
वडील असते तर हसले असते.
मला हसू आलं नाही. मी शिक्का मारला.

शिक्का,
जाऊ द्या.

सावजींनी पत्र दोनदा वाचलं, ओठ हलवत.
चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला,
पुन्हा वाचलं, जणू काच साफ झाली की मजकूर बदलेल.
म्हणाले, "त्याच्यावर काई नाई ना येनार?
पैसे त्यानं देल्ले. तो खोटा नाई."
मी म्हटलं, ते पत्रात लिहिता येत नाही.
"तोंडी सांगा मंग."
सांगितलं.

झिरो माइलचा खांब खिडकीतून दिसत नाही,
पण आहे, शंभर पावलांवर,
दगडात कोरलेली गावं आणि त्यांची अंतरं घेऊन.
बहमनचं बंदर त्यावर नाही.
ते किती लांब आहे, मी कधी मोजलं नव्हतं.
मघापर्यंत एका फोनाइतकं होतं.

त्यांनी पत्राची घडी करून वहीत ठेवली,
दारात तापलेल्या चपलांत पाय घालताना
"हायऽ" केलं,
आणि रोजच्यासारखं वळून विचारलं,
"बाकी, मॅडम?"

बाकी ठीक, मी म्हटलं.